बिनठिगळाची ट्यूब

परशा, तुझी सायकल आज माझ्या दुकानात उलटी उभी आहे. सीट आणि हँडल खाली, दोन्ही चाकं वर. शुक्रवारची सुट्टी म्हणून शटर अर्ध्यावर ओढलंय, शिलाई मशीन भिंतीला सरकवून मधली जागा मोकळी केली आहे. तू असतास तर आधी म्हणाला असतास, "मास्तर, गिऱ्हाइकाची कापडं उचल, ग्रीस लागंल." उचलली. तुझं बारावं होऊन चार दिवस झाले आणि मी अजून तुझ्या सूचना पाळतोय. तू असताना किती पाळल्या, ते तुला माहीत आहे.

सायकल नूतनने आणून दिली, बाराव्याच्या दुसऱ्याच दिवशी. "काका, बाबांची सायकल आता मी चालवणार," म्हणाली. "सुकापूरहून स्टेशनपर्यंत, रोज. पण सकाळच्या घाईत मला पंक्चर काढत बसता येणार नाही. पंक्चर न होणारे टायर कुठले घ्यायचे ते तुम्हीच ठरवा आणि तुमच्या हाताने बसवून द्या. बाबा म्हणायचे, मागच्या चाकाची हवा सारखी जाते." लेक तुझीच, समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवत नाही. मी बरं म्हटलं. पण सायकल तीन दिवस कोपऱ्यात तशीच राहिली. त्या मागच्या चाकात मी घातलेली एक गोष्ट आहे आणि मला तिची भीती वाटत होती.

भीती त्या डॉक्टरने घातली. तुला घेऊन गेलो तेव्हा उशीर झालाच होता. चहा ठेव म्हणून वहिनींना सांगितलंस आणि चहा यायच्या आत झोक्यावर मान टाकलीस. डॉक्टर चांगला माणूस होता, ओरडला वगैरे नाही. फक्त वहिनींना म्हणाला, "हृदय एका दिवसात असं थकत नाही. सहा-आठ महिने तरी यांना चढावर दम लागत असणार. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?" वहिनींनी मान हलवली. मी त्यांच्या मागे उभा होतो. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, आलं होतं लक्षात. दर रविवारी येत होतं. आणि दर रविवारी आपण दोघांनी मिळून त्याचं खापर टायरवर फोडलं.

अकरा वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा दुकानात आलास तो फाटकी पँट घेऊन. बसायच्या जागी कापड विरलेलं. "नुसती शिवू नको, दोन कापडं लाव. सायकल खाते," म्हणालास. मी म्हटलं, अस्तर लावतो. "अस्तर म्हंजे?" "आतलं कापड. बाहेरून दिसत नाही, पण झीज ते सोसतं." तुला तो शब्द इतका आवडला की पुढे तू तो कशालाही लावायचास. भाताखाली केळीचं पान ते अस्तर, स्वेटरच्या आतला बनियन ते अस्तर, तुझ्या वडिलांच्या होडीला आतून मारलेल्या फळ्या तेही अस्तर. त्या पँटने आपली ओळख करून दिली. दोन महिन्यांनी मीही सायकल घेतली. उभा जन्म पायाने मशीन चालवली, पण तिने मला कधी कुठे नेलं नव्हतं.

मग रविवार सुरू झाले. खांदा कॉलनीतून मी, सुकापूरहून तू, पळस्पे फाट्याला भेट, तिथून गोवा रस्त्याने कर्नाळ्यापर्यंत. अभयारण्याच्या चढाला दोघेही मुकाट्याने पेडल मारायचो, वर पोचलो की चहा आणि मग परत. आत जाऊन पक्षी आपण किती वेळा बघितले? एकदा, तेसुद्धा नूतनच्या आग्रहाने. तिने दुर्बीण दिली तर तू तिच्यातून रस्त्यावरचे ट्रक बघत बसलास.

आणि पंक्चर. त्या रस्त्याच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या केसाएवढ्या तारा पडलेल्या असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, ट्यूबला बरोबर सापडतात. मला पंक्चरचा संताप यायचा. तुला मात्र आनंद व्हायचा, हे मी शपथेवर सांगेन. टायर फुस्स झाला की तू सावली बघायचास, फतकल मारायचास, पिशवीतून घरच्या चमच्यांची जोडी काढायचास. टायर उचकटायला ठेवलेले ते चमचे, दांडे वाकलेले. वहिनी त्यावरून अजून बोलतात. मग निवांत ठिगळ लावता लावता वडिलांबरोबरच्या खाडीतल्या गोष्टी, तुझ्या नोकरीतल्या, बंदरावरच्या क्रेनच्या गोष्टी. काटा सापडल्याशिवाय ट्यूब आत घालायची नाही, हा तुझा नियम. टायरच्या आतून बोट फिरवत राहायचास, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा उलट्या बाजूने. "आतमदी हात फिरवल्याबिगर काय कळत नाय, मास्तर." बोट रक्ताळलं की खूश. काटा सापडला.

या पंक्चरांना कंटाळून गेल्या संक्रांतीच्या आधी मी तुला ओढत बाजारात सायकलवाल्या शेटकडे नेलं. मला वाटत होतं, इंची टेपने माप घेऊ, टायरच्या कुशीवर, म्हणजे बाजूला, छापलेला आकडा जुळवू, संपलं. शेटने तीन टायर काढून ठेवले. एक साधा. एक, रबराखाली कडक पट्टा विणलेला, तार आत शिरली तरी पट्ट्याला अडते. तिसरा निव्वळ जाड, हातात घेतला तर मनगट खाली जावं असा. मी जाडावर बोट ठेवलं. तू पट्टेवाला उचललास आणि अंगठ्याने दाबून बघितलास, पापलेट दाबून बघतात तसा. मग दुमडलास, कुशीकडे नाक नेलंस. "शेट, हा ताजा नाय." मला हसू आवरेना. पण शेट हसला नाही. त्याने टायर उजेडात धरला तर दुमडलेल्या जागी बारीक चिरा. वर्षानुवर्षं टांगून रबर सुकलेलं. आतून नवीन जोडी आणून दिली, नव्या ट्यूबसकट, आणि जाता जाता म्हणाला, "पंक्चर होतच नाही असा टायर नसतो. उशिरा होतो, एवढंच." तू ते वाक्य रस्ताभर घोळवलंस. मला मात्र उशिरा नको होतं, कधीच नको होतं.

म्हणून मी मागच्या चाकाला अस्तर लावलं. माझीच अक्कल. तुझा जुना टायर घेतला, समोरच्या चांभाराची रापी मागून आणली, आत तार असलेल्या दोन्ही कडा कापून काढल्या आणि मधला पट्टा नव्या टायरच्या आत पसरला. दोन टोकं एकावर एक येतात तिथे ट्यूब घासू नये म्हणून ती तासून तासून कागदासारखी केली. ट्यूब चिकटू नये म्हणून माझा निळा खडू किसून आत भुरभुरला. टायर आधीच आखूड अंगाचा, त्यात आत पट्टा, रिमवर चढता चढेना. साबणाचं पाणी लावून दोघांनी आठ अंगठ्यांनी ढकलला. अंगठे चारच, पण तू आठ म्हणालास. बसला तेव्हा तू चाक उचलून बघितलंस आणि म्हणालास, "मास्तर, लय जड केलास रं."

जड होतंच. पण मी ते मान्य करीन का? मी म्हटलं, सवय होईल.

पुढच्याच रविवारी चढावर तू मागे राहिलास. मी वर पोचून चहा सांगितला, तो आला, निवला, मग तू आलास. ओठ पांढरे, हात छातीशी नाही, हँडलवरच. "तुजा अस्तर जड हाय." मी म्हटलं, "अस्तराला काय झालंय, तू म्हातारा झालास." तू हसलास. मग तो आपला दर रविवारचा पाठ झाला, तू अस्तराला शिव्या द्यायच्या आणि मी तुझ्या वयाला. चहावालासुद्धा विचारायचा, "आज अस्तर काय म्हणतंय?" शिमगा गेला, पावसाळा गेला, वाद तसाच. मी एकदा म्हणालो, "एवढं जड आहे तर काढून टाक ना." तू म्हणालास, "तू लावलास, तूच काढ." मला ते मानाचं वाटलं. मी काढणार नव्हतो.

गणपतीनंतर तुला पंक्चर व्हायला लागली. तेही माझ्या टायरला, माझ्या अस्तराला. आणि नेहमी एकाच जागी, चढ सुरू होतो त्या वळणावरच्या पिंपळाखाली. तू थांबायचास, "हवा गेली" म्हणायचास. टायर खरोखर बसलेला असायचा. मी बाहेरून हात फिरवायचो, तार नाही, काटा नाही. म्हणायचो, उघड, बघू या. तू म्हणायचास, "बारीक हाय, घरी काढतो. पंप मारला की जाऊ." मग पंधरा मिनिटं बसायचास, गोष्टी काढायचास, पंप हळूहळू मारायचास. मला कळत होतं की यात काहीतरी बसत नाही. बारीक पंक्चर असेल तर टायर असा एकदम कसा बसेल? पण मला माझ्या टायरचा अपमान झोंबत होता. मी मनात ठरवलं की तू मुद्दाम करतोयस. अस्तर कुचकामी आहे हे मला दाखवायला.

शेवटचा रविवार मी आजपर्यंत कुणाला सांगितला नाही. दिवाळी होऊन गेलेली. तू पिंपळाखाली थांबलास, "हवा गेली, मास्तर." आणि मी सायकलवरून उतरलोच नाही. एक पाय जमिनीवर टेकवून म्हटलं, "तुझं दर वेळचं नाटक आहे. भर आणि ये मागून." आणि पुढे निघालो. वळणावर मागे बघितलं तेव्हा तू पिंपळाच्या पारावर बसला होतास, पंपाला हातही न लावता. हात केलास, जा जा असा. वर मी एकट्याने चहा घेतला. तू आलाच नाहीस, तिथूनच परत फिरलास. फोनवर म्हणालास, "आज कटाळा आला." मी फोन रागाने ठेवला. गुरुवारी सकाळी नूतनचा फोन आला.

आज सकाळी मी मागचं चाक काढलं. वहिनींकडून तुझे दोन चमचे मागून आणले होते, दुसरं अवजार लावावंसं वाटलं नाही. टायरची कड उचकटली आणि पहिल्यांदा वास आला, पावडरचा. तोंडाला लावायच्या पावडरचा. माझा निळा खडू कुठेच नाही, सगळं आतून पांढरं. मग बोटं आत घातली, अस्तराची कड शोधायला. कड नाही. चाक गोल फिरवलं, तुझ्यासारखं तीनदा, तिसऱ्यांदा उलट्या बाजूने. अस्तर नव्हतंच.

मी वहिनींना फोन केला. काय विचारावं ते कळेना, म्हटलं, "वहिनी, परशाने टायरमधून एक रबराचा पट्टा काढला होता का कधी?"

"तो? तो झोक्याच्या कडीला गुंडाळलाय ना, भाऊजी. कुरकुरायची म्हणून. शिमग्याच्या आदीच लावलाय. माझी पावडर पण त्याच दिवशी संपवली त्यांनी. का ओ? पायजे का तुमाला?"

नको म्हटलं. शिमग्याच्या आधी. म्हणजे अस्तर जेमतेम दोन महिने चाकात होतं. पुढचे सगळे रविवार तू ज्याला शिव्या दिल्यास ते तुझ्या घरी झोक्याला बांधलेलं होतं. तूही बघितलंस तर, काढून. काढल्यावरही चढावर दम लागला तेव्हा तुला कळलं असणार, की हे टायरचं नाही. कळलं, आणि तू मला सांगितलं नाहीस. उलट माझ्या हातात माझंच अस्तर देत राहिलास, दर रविवारी, भांडायला.

मग मी ट्यूब काढली. हवा भरली, बादलीत बुडवून इंच-इंच फिरवली. एक बुडबुडा नाही. पुसून उजेडात धरली. परशा, त्या ट्यूबला एकही ठिगळ नाही. गणपतीपासून पाच-सहा पंक्चर तू "घरी काढलीस", आणि ट्यूब कोरी करकरीत. वॉल्वचं टोपण मात्र सारखं काढून-लावून गुळगुळीत झालेलं. आतल्या पिनेवर नख दाबलं की हवा जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. अकरा वर्षं सायकल चालवणाऱ्या या शहाण्याला नाही सुचलं. तुला बसायचं होतं. नुसतं पंधरा मिनिटं सावलीला बसायचं होतं, आणि माझ्यासमोर ते म्हणण्यापेक्षा तुला चाकातली हवा सोडणं सोपं वाटलं.

आधी मला सुटल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. माझ्या अस्तराने तुला मारलं नाही. दोन आठवडे ती गोष्ट मला टोचत होती, ती निघाली. मग इतका राग आला की चमचा भिंतीवर फेकला. माझ्याशी? अकरा वर्षं एकाच चहावाल्याकडे शेजारी बसून चहा प्यायलेल्या माणसाशी लपवाछपवी? वहिनींना नाही सांगितलंस ते समजतं, त्या घाबरल्या असत्या. नूतनने तुला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं, तेही समजतं. मला का नाही? मी रविवार बंद केले असते म्हणून? केले असते. हातपाय बांधून तपासायला नेलं असतं. तुला ते नको होतं हे मला आता पुरतं कळलंय आणि तरी मी तुला माफ केलेलं नाही.

पण राग ओसरल्यावर जे उरलं ते तुझं नाही, माझं आहे. मी शिंपी आहे. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की एक खांदा उतरलेला आहे, पोट सुटलंय, हे मला टेप लावायच्या आधी दिसतं. कुणाची पँट दोन महिन्यांत ढिली झाली तर मी विचारतो, बरं आहे ना? तुझी झाली होती. दसऱ्याला कमरेत आत घ्यायला आणली होतीस. मी घेतली. वर म्हणालो, "बघ, सायकलने पोट गेलं." तू म्हणालास, "मंग, तुज्या अस्तराची कमाल."

नूतनसाठी मी टायर तेच ठेवले. पट्टेवाले, अजून बरीच वर्षं जातील, दुमडून आणि हुंगून बघितले, ताजे आहेत. अस्तर घातलं नाही. आतून बोट फिरवलं, काटा नाही. खडू भुरभुरला नाही, तुझी पावडर तशीच राहू दिली. रिमवर चढवताना दोनच अंगठे होते, बराच वेळ लागला.

चारच्या सुमाराला नूतन आली. मी शटर वर केलं, सायकल रस्त्यावर उतरवून दिली. "एक चक्कर मारून ये," म्हटलं. ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली, उभी राहून पेडल मारत परत आली. दुकानासमोर ब्रेक लावला आणि म्हणाली, "काका, जरा जड जाते हो."

हातातला फडका मी टाकला. मी पुढे होऊन तिचं हँडल धरलं. "उतर," म्हटलं. "आधी बस इथे. दम लागतोय? कुठे दुखतंय का, खरं सांग."

ती उतरली. मग वाकून तिने मागचा टायर दाबला. "अहो काका, हवाच अर्धी आहे. भरायची विसरलात."

खरंच विसरलो होतो. पंप आणला, ती पायरीवर बसली, मी हवा भरली. ती माझ्याकडे बघत होती आणि मी खाली मान घालून पंप मारत होतो. तिला वाटलं असेल, काकांना दम लागला. एवढंच विचारायचं होतं रे परशा. उतर, बस, कुठे दुखतंय. पिंपळाखाली, एक पाय जमिनीवर होताच माझा.